सरळ सी ड्राइव्हवर टाक!

परवा भाचीच्या घरी तिच्यासाठी पायथन इन्स्टॉल करत होतो. "मामा, कुठे टाकायचं ते विचारतंय." मी सवयीने म्हणालो, "सरळ सी ड्राइव्हवर टाक." आणि जीभ चावली.

१९८२ च्या कमोडोर ६४ वर हा प्रश्नच नव्हता. बेसिक भाषा ८ केबीच्या रॉममध्येच असायची. बटण दाबलं की हजर. १९८३ साली डॉस २.० आलं, सोबत १० एमबीची हार्ड डिस्क आणि डिरेक्टऱ्या. मग १९८७ चं टर्बो सी आपलं 'सी:\टीसी'मध्ये! नाव छोटं, टाइप करायला सोपं. विंडोज ९५ ने 'प्रोग्राम फाइल्स' दिलं खरं, पण त्या दोन शब्दांमधली मोकळी जागा जुन्या टूल्सच्या घशात अडकायची. त्यामुळे जुनी सवय काही सुटली नाही. २०१० च्या पायथन २.७ चा पत्तासुद्धा 'सी:\पायथन२७'च.

गोम अशी, की तिथल्या फाइल्स त्याच मशीनवरचा दुसरा युजरही बदलू शकायचा. म्हणून २०१५ मध्ये पायथन ३.५ ने मुक्काम हलवला: ज्याचं त्याचं पायथन, ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये.

भाचीचा लॅपटॉप तिचा धाकटा भाऊही वापरतो. म्हटलं, "राहू दे, ते सुचवतंय तिथेच टाक."