पावलांची कुळकथा: फोली

फोली म्हणजे चित्रीकरण संपल्यावर, पडद्यावरची हालचाल पाहत, तिच्या तालात हातापायांनी काढलेला आवाज. पावले, लुगड्याची सळसळ, कडीचा खटका, भांड्यांची आदळआपट हे सगळे फोलीत मोडते. पाऊस, पाखरे, रहदारी यांचे आवाज बहुधा वेगळे मुद्रित करून जोडतात.

नाव जॅक फोली (१८९१–१९६७) या अमेरिकी कारागिराचे. युनिव्हर्सलचा 'शो बोट' मूकपट म्हणून तयार झाला होता. तोवर बोलपटांची लाट आली आणि १९२९ साली त्याला आवाज जोडावा लागला. चित्र पडद्यावर चालू ठेवून फोली आणि सोबत्यांनी लागतील ते आवाज त्याच क्षणी काढले. पुढे अनेक दशके त्याने हेच काम केले. श्रेयनामावलीत त्याला जागा मिळाली नाही. तंत्राला मात्र त्याचेच नाव चिकटले.

युक्ती त्याहून जुनी आहे. विंगेत पत्रा हलवून गडगडाट करणे, करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढणे नाटकवाल्यांना ठाऊक होते. आकाशवाणीने ती श्रुतिकांत वापरली. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि नुसत्या आवाजावर उभे राहिलेले नाटक वऱ्हाडातल्या घरांत पोचले.

मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा'पासून, १९३२ साली, सुरू झाला. पाचच वर्षांनी 'प्रभात'च्या 'कुंकू'मध्ये व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताला फाटा दिला आणि घरातल्या, रस्त्यावरच्या आवाजांवर भिस्त ठेवली. भिंतीवरचे घड्याळ तिथे वृद्ध नवऱ्याच्या ओसरत्या वयाची खूण झाले. आवाज हे सजावटीचे सामान नसून कथनाचे साधन आहे, ही जाण मराठी पडद्याला इतक्या लवकर आली, हे मोठेच श्रेय आहे.

पुढे कॅमेऱ्यांच्या घरघरीमुळे भारतात बहुतेक संवाद नंतर डब होऊ लागले. संवादाबरोबर जागेवरची पावलेही जात, म्हणून तीही पुन्हा काढावी लागत. 'लगान'ने (२००१) चित्रीकरणाबरोबरच संवाद मुद्रित करण्याची वाट रुळवली, तरी फोलीची गरज उरली: परभाषेत डब करताना मूळ संवाद काढले की त्यांच्यात मिसळलेले आवाजही निघून जातात.

लघुपटाला हे तंत्र सर्वांत परवडते. अमरावतीच्या राजापेठेत रहदारीत टिपलेल्या दृश्यात पावले ऐकू येणे कठीण. ती रात्री बंद खोलीत, गोधड्या टांगून काढता येतात. कापसाच्या वावरातली चाल हवी असेल तर परातीत काळी माती घेऊन वर वाळकी पऱ्हाटी मोडावी. कडब्याच्या पेंढीवर हात फिरवला की गोठ्यातली हालचाल उभी राहते. जाळाची तडतड चुरगळलेल्या चकचकीत कागदातून निघते, हाड मोडल्याचा आवाज गाजरातून. खरी वस्तूच दरवेळी खरी ऐकू येते असे नाही. कानाला पटेल ती घ्यावी.

मुद्रणाआधी पात्राची चाल नीट पाहावी लागते: टाच आधी टेकते की चवडा, डोक्यावर भारा आहे का, पायात वहाण आहे की पाय अनवाणी. माइक जवळ असल्याने आवाज कोरडा येतो. दृश्यातले अंतर पाहून तो मिश्रणात खाली आणतात, लागेल तसा घुमारा देतात आणि त्याच जागेच्या शांततेचे मुद्रण त्याखाली अंथरतात.