चावी नको असलेलं घड्याळ

ऑटोमॅटिक घड्याळ आळशी माणसांसाठी शोधलं गेलं, असा एक गोड समज आहे. सकाळी उठून चावी द्यायचा कंटाळा, म्हणून मनगटाच्या हालचालीवर आपोआप कमान आवळणारं यंत्र. पण जॉन हारवुड या माणसाची तक्रार वेगळीच होती. १८९३ साली बोल्टनला जन्मलेला हा घड्याळजी पहिल्या महायुद्धात सैन्यात होता आणि नंतर आइल ऑफ मॅनमध्ये घड्याळं दुरुस्त करत होता. त्याच्या टेबलावर येणारी बहुतेक मनगटी घड्याळं एकाच कारणाने आजारी असत. चावीची दांडी केसमध्ये शिरते त्या भोकातून धूळ आणि दमट हवा आत जायची, तेल घट्ट व्हायचं, घड्याळ मागे पडायचं. हारवुडने विचार केला, भोकच नको. भोक नको तर चावी नको, आणि चावी नको तर घड्याळाने स्वतःच कमान आवळायला हवी. म्हणजे ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ हा मुळात दुरुस्ती कमी करण्याचा एका दुरुस्तीवाल्याचा प्रयत्न होता. मी राहतो त्या मँचेस्टरहून बोल्टन ट्रेनने फार लांब नाही, त्यामुळे या गोष्टीविषयी मला थोडी शेजारधर्माची आपुलकी आहे.

आपोआप चालणाऱ्या घड्याळाची कल्पना तोवर जुनी झालेली होती. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावच्या अब्राहम-लुई पेरलेने असं खिशातलं घड्याळ केल्याची नोंद १७७७ सालची आहे. पंधरा मिनिटं चाललं की ते आठ दिवस चालतं, असं जिनिव्हातल्या मंडळींनी लिहून ठेवलं. लिएझच्या ह्यूबेर सार्तोंनेही १७७८मध्ये फिरणाऱ्या वजनाच्या घड्याळाचा आराखडा फ्रेंच विज्ञान अकादमीकडे दिला, आणि पहिला कोण यावरून घड्याळांच्या इतिहासकारांत अजून चकमकी होतात. मला त्या वादापेक्षा ही घड्याळं टिकली का नाहीत, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. एक कारण अगदी साधं आहे. कोटाच्या खिशातलं घड्याळ फारसं हलत नाही. दुसरं कारण असं की कमान पूर्ण आवळल्यावरही माणूस चालतच राहतो, आणि मग कमानीवर किंवा दातांवर ताण येतो. ब्रेगेने आपल्या ‘पेर्पेत्युएल’ घड्याळांत कमान भरली की वजन अडकवणारा खटका बसवला होता. खरा उपाय १८६३मध्ये आद्रियें फिलिपने शोधला. डब्याच्या भिंतीला पक्की न बांधता तिच्यावर घसरू शकेल अशी कमान त्याने केली. ती भरली की नुसती घसरते, तुटत नाही. आजच्या प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये ही घसरणारी कमान आहे.

ब्रेगेचं नाव निघालं आहे तर दिरंगाईचा विक्रमही सांगून टाकतो. मारी आंत्वानेतसाठी १७८३ साली मागवलेलं त्याचं १६० नंबरचं घड्याळ, तेही आपोआप आवळणारं, पूर्ण व्हायला १८२७ उजाडलं. राणी १७९३मध्येच गेली, स्वतः ब्रेगे १८२३मध्ये गेला. पुढे ते ज्या सरदाराकडे होतं त्याने १८३८मध्ये दुरुस्तीला म्हणून दुकानात आणून दिलं आणि न्यायला तो कधी परतलाच नाही, असं सांगतात. सर्व्हिस सेंटरच्या ईमेलची वाट पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

हारवुडला स्विस पेटंट १९२४मध्ये मिळालं. त्याच्या घड्याळात वजन पूर्ण गोल फिरत नसे. दोन स्प्रिंगांच्या मध्ये ते झोके घ्यायचं आणि टोकाला आपटलं की मनगटाला बारीकसा धक्का जाणवायचा. काटे लावायला काचेभोवतीची कडी फिरवायची. १९२६ साली बाझेलच्या जत्रेत ते लोकांसमोर आलं, फॉर्टिस आणि ब्लांपां यांनी ते बनवलं. भरलेली कमान जेमतेम बारा तास पुरायची, म्हणजे रात्री काढून ठेवलं आणि सकाळी उशीर झाला की घड्याळ बंद. आणि चावी नसल्यामुळे ते हाताने आवळताही येत नव्हतं. जागतिक मंदीत १९३१ साली कंपनी बुडाली. त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारं वजन आणलं. त्यांनी चावी ठेवली, पण स्क्रूसारखी फिरवून बंद होणारी. धुळीच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर वेगळं होतं आणि बाजारात तेच टिकलं.

या सोयीची किंमत मात्र दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर मोजली गेली. साध्या चावीच्या घड्याळावर ऑटोमॅटिकचा आणखी एक मजला चढतो. वजन, त्याचा आस किंवा बेअरिंग, वजन कोणत्याही दिशेने फिरलं तरी कमान एकाच दिशेने आवळणारी उलटसुलट चाकं, वेग कमी करणारे दाते. एटर्नाने १९४८मध्ये वजनाखाली पाच बारीक गोळ्यांचं बेअरिंग बसवलं ते याच झिजेवर उपाय म्हणून. त्या पाच गोळ्या आजही त्यांच्या बोधचिन्हात आहेत. सेकोने १९५९मध्ये उलटसुलट चाकांच्या जागी ‘मॅजिक लीव्हर’ नावाची दोन बोटांची साधी पट्टी आणली. माझ्या मते सगळ्या ऑटोमॅटिकच्या इतिहासात दुरुस्तीवाल्याची एवढी काळजी क्वचितच कोणी घेतली असेल. भाग कमी, तेल कमी, बिघाड कमी.

तेलाचं महत्त्व समजायला एक हिशेब पुरेसा आहे. तासाला २८,८०० ठोके घेणाऱ्या घड्याळाचं बॅलन्स चाक सेकंदाला आठ वेळा, वर्षाला २५ कोटींहून अधिक वेळा हेलकावतं. त्याच्या आसाच्या टोकाला असतो तेलाचा एक थेंब, उघड्या डोळ्यांना धड न दिसणारा. तो वाळला की घड्याळ बंदच पडतं असं नाही. ते चालत राहतं आणि धातू धातूला खात राहतो. म्हणून ‘चालतंय ना, मग कशाला उघडायचं’ हा आपला घरगुती न्याय इथे महागात पडतो. याउलट ऑटोमॅटिक बंद पडल्याच्या कित्येक तक्रारी हा बिघाडच नसतो. माझ्यासारखा माणूस दिवसभर संगणकासमोर बसून बोटांपलीकडे काही हलवत नसेल, तर कमान भरणार कशी?

खरा बिघाड झाला की मात्र वाट पाहणं आलं. माझं एक घड्याळ, एका नामांकित कंपनीचं, जानेवारीत अधिकृत केंद्रात गेलं ते जुलैत परत आलं. मधल्या काळात ‘भागांची प्रतीक्षा आहे’ एवढंच वाक्य तीनदा आलं. काम जाणकाराचं असलं तरी ते दिवसांचं असतं, महिन्यांचं नसतं. उरलेला वेळ रांगेचा आणि भागांचा.

ही रांग कुठून आली याला इतिहास आहे. १९६९च्या नाताळात सेकोने क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन विकायला काढलं. पुढच्या पंधरा-एक वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९०,००० नोकऱ्यांपैकी जेमतेम ३०,००० उरल्या. १९८३मधलं स्वॉच तर मुळातच न उघडण्यासाठी बनलेलं होतं. त्या पिढीत कोणी पोराला घड्याळजी करत नव्हतं. मग यांत्रिक घड्याळं चैनीची वस्तू म्हणून परत आली, पण दुरुस्त करणारे हात तेवढ्या वेगाने परतले नाहीत. जे होते त्यांना मोठ्या कंपन्या सुटे भाग देईनाशा झाल्या. युरोपातल्या स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांच्या महासंघाने २००४मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ती २००८मध्ये फेटाळली. न्यायालयाने २०१०मध्ये तो निर्णय रद्द केला, आयोगाने २०१४मध्ये पुन्हा फेटाळली आणि २०१७मध्ये न्यायालयाने आयोगाची बाजू धरली. तेरा वर्षं! गुणवत्ता राखायला अधिकृत केंद्रंच हवीत, हा कंपन्यांचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. अडाणी हाताने उघडलेलं घड्याळ मीही पाहिलं आहे. पण शिकलेल्या, अवजारं असलेल्या माणसाला एक दातेरी चाक विकत न देण्यात गुणवत्ता कसली राखली जाते?

आपल्याकडे हा प्रश्न फार काळ उभा राहिला नाही. एचएमटीने १९६१मध्ये सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळं सुरू केली आणि काही वर्षांत त्यांचे भाग गल्लोगल्ली मिळू लागले. बसस्टँडबाहेर काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस कोणाच्या परवानगीवर अवलंबून नव्हता. आखातातून येणाऱ्या सेको फाइव्हचंही तसंच. कोकणात सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाच्या बॅगेत एक असायचंच. १९६३पासूनच्या या मालिकेत चावी चारच्या आकड्यापाशी लपवलेली असते, कारण तिची रोज गरज नाही. पुढच्या कित्येक मॉडेलांत तर चावीने कमान आवळताच येत नाही. हारवुडचा हट्टच तो, स्वस्तात आणि टिकाऊ करून विकलेला.

जुनी सेको आणि एचएमटी जोडूनजाडून, तबकड्या नव्याने भडक रंगवून मुंबईहून जगभर विकली जातात. पाश्चात्त्य संग्राहक त्यांना नाक मुरडून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनं अस्सल म्हणून कोणी विकत असेल तर ती फसवणूकच. पण एकाचं चाक दुसऱ्याला बसवून घड्याळ चालतं ठेवणं ही सवय फसवणुकीच्या खूप आधीची आहे.

बाबांनी १९८६मध्ये मस्कतहून आणलेलं सेको मागच्या वर्षी मी इथे आणलं. वजन सैल होऊन मागच्या झाकणाला घासत होतं, वार पुढे सरकत नव्हता. मँचेस्टरमधल्या एका सत्तरीच्या घड्याळजींनी ते पाहिलं आणि ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची डबी काढली. आत त्याच यंत्राची दोन मेलेली घड्याळं होती, भागांसाठी विकत घेतलेली. एकाची तबकडी झगझगीत नारिंगी होती, मुंबईहून आलेली. तिच्यातलं वजन आणि वाराचं चाक बाबांच्या घड्याळात गेलं. नऊ दिवस लागले. वाराची चकती मात्र बाबांचीच राहिली, इंग्रजी आणि अरबी दोन्ही भाषांतली. त्यांच्याकडे होतं तेव्हा ते अरबीवरच असायचं, आणि मीही ते बदललेलं नाही.