दिनविशेष : ११ मार्च – शारदा सदन

अलिबागला टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींची बदली झाली होती. पत्नी आनंदीचा अभ्यास त्यांनी नेटाने चालवला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या.

बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवा, निराधार मुलींना शिक्षण आणि राहण्याजेवणाची सोय. खर्चासाठी बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांची हमी घेतलेली. नुसती शाळा काढून भागणारे नव्हते, कारण अशा मुलीला आधी छप्पर हवे असते. हे रमाबाईंनी अचूक ओळखले होते.

सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी देवरुखची गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी लग्न आणि तीनच महिन्यांत वैधव्य! मुंबईत भावाच्या बिऱ्हाडात स्वयंपाकपाणी सांभाळणारी ही बाई विशी उलटल्यावर शिकायला बसली, ही हिंमत लहान नव्हे.

११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ.