वालचंदशेठांचा दहा वर्षांचा करार

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. भारतात १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. त्या बोटीमागे सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला मात्र पुढची चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

रेल्वेची कंत्राटं घेणाऱ्या वालचंदशेठांनी नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांसह 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन' कंपनी काढली. गाठ होती बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनीशी. तिचा डाव जुनाच: नवा स्पर्धक बुडेपर्यंत भाडं पाडायचं! चिदंबरम पिळ्ळे यांची तुतिकोरिनची स्वदेशी कंपनी (१९०६) या भाडेयुद्धात खिळखिळी झाली. १९०८ मध्ये पिळ्ळे तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली.

१९२३ मध्ये सिंदियाने दहा वर्षांचा करार केला. किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीत वाटा मिळाला. प्रवासी वाहतूक आणि परदेशचे मार्ग मात्र सोडावे लागले. लंडनला निघालेली कंपनी किनाऱ्याला लागली! ही शरणागतीच, असं कुणीही म्हणेल. पण मंडळी, आमच्या संगणकाच्या धंद्यात बड्या कंपनीशी दरात झुंजून बंद पडलेल्या छोट्या कंपन्या मी पाहिल्यात. टिकून राहणं हेही धोरणच असतं.

१९२९ ते १९५० वालचंदशेठ सिंदियाचे अध्यक्ष होते. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तिथं बांधलेलं 'जलउषा' १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. करार कधीच संपला होता. कंपनी उरली होती.