बहुवारिकांतील नॅनोसंरचनांचे मापन
बहुवारिकांतील (पहा : बहुवारिके) सुमारे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या रचना सूक्ष्मदर्शक व क्ष-किरण प्रकीर्णन यांनी मोजण्याची पद्धती. लघुकोन क्ष-किरण प्रकीर्णनाचा पाया आंद्रे गिन्ये यांनी १९३० च्या दशकाअखेरीस घातला. पॉलिएथिलिनाच्या सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या स्फटिकपट्ट्यांत रेणुशृंखला घड्या घालून बसतात, हे अँड्रू केलर यांनी १९५७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने (पहा : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) दाखविले. प्रकीर्णनात रचनांमधील अंतर जितके मोठे तितका प्रकीर्णनकोन लहान; ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या क्ष-किरणांसाठी १५ नॅनोमीटर अंतराचे शिखर सुमारे ०.६ अंशावर येते. प्रकीर्णन मोठ्या भागाची सरासरी देते, आकार मात्र अनुमानाने ठरवावा लागतो. सूक्ष्मदर्शक आकार प्रत्यक्ष दाखवितो, पण अत्यल्प भागाचा. म्हणून दोन्ही मापने एकत्र घेणेच विश्वसनीय. बहुवारिकांचा चिवटपणा व पारदर्शकता या नॅनोसंरचनांवर अवलंबून असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) बहुवारिक संशोधनात दोन्ही पद्धती वापरतात.