एंजिनाच्या पोटांतील साखळी

शहरांतील पहांटेची शांतता आतां पाखरांच्या किलबिलाटापेक्षां मोटारसायकलींच्या आवाजानेंच अधिक वेळां मोडते. इमारतीखालीं रांगेनें उभ्या केलेल्या गाड्यांपैकीं एखादी सुरू होते, आणि एंजिनाच्या नेहमींच्या सुरांत पहिले कांहीं क्षण एक बारीक खडखड मिसळलेली ऐकूं येते. एंजिन ऊन झालें कीं ती कधीं थांबते, कधीं थांबत नाहीं. मालक ती ऐकतो आणि विसरून जातो. जाणता मिस्त्री मात्र मान तिरकी करून कान देतो. ही खडखड पुष्कळदां एंजिनाच्या पोटांत फिरणाऱ्या आणि एरवीं कोणाच्याहि दृष्टीस न पडणाऱ्या एका पोलादी साखळीची असते. मिस्त्री लोक तिला टायमिंग चेन म्हणतात. ही साखळी सैल पडूं न देण्यासाठीं माणसानें गेल्या शंभर वर्षांत काय काय केलें, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

फोरस्ट्रोक एंजिनांतील दट्ट्या चार खेपांत आपलें काम पुरें करतो. पहिल्या खेपेस तो हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढतो, दुसऱ्या खेपेस तें दाबतो, तिसऱ्या खेपेस पेटलेल्या मिश्रणाच्या जोरानें खालीं ढकलला जातो आणि चौथ्या खेपेस जळलेला वायु बाहेर लोटतो. एवढ्यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात; परंतु आंत घेणारी झडप आणि बाहेर सोडणारी झडप यांनीं मात्र एकेकदांच उघडावयाचें असतें. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगानें फिरला पाहिजे. खालच्या दंतचक्राच्या दुप्पट दांते वरच्या चक्रास दिले कीं हा हिशेब साधतो. एंजिन मिनिटास ९००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदास १५० वेळां आणि कॅमशाफ्ट ७५ वेळां फिरतो. या धांवपळींतहि झडपेची वेळ चुकून चालत नाहीं. कारण पुष्कळ एंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला दट्ट्या या दोघांना एकाच वेळीं मावेल एवढी जागाच नसते.

ज्या साखळीवर ही सारी भिस्त आहे, तिचा जन्म मोटारींसाठीं झालेला नाहीं. मुंबईच्या गिरण्यांना ज्या लँकेशायर प्रांतानें यंत्रें पुरविलीं, त्याच प्रांतांतील कापडाच्या यंत्रांसाठीं ती निर्माण झाली. हॅन्स रेनॉल्ड हा स्विस तरुण १८७३ सालीं मँचेस्टर येथें आला, आणि १८७९ सालीं त्यानें जवळच्या सॅल्फर्ड येथील जेम्स स्लेटर यांचा साखळ्यांचा लहानसा कारखाना विकत घेतला. जुन्या साखळ्यांत बारीक खिळीवरच सर्व भार येऊन ती लवकर झिजत असे. रेनॉल्डनें खिळीभोंवतीं एक नळी आणि नळीभोंवतीं फिरता रूळ बसविला, आणि भार रुंद पृष्ठभागावर पसरविला. १८८० सालीं त्यानें या रचनेचें पेटंट घेतलें. लवकरच सायकलींनीं ती उचलली, आणि सायकलींमागून मोटारसायकलींनीं.

तरीहि एंजिनाच्या आंत, झडपांच्या नाजूक कामास साखळी लावण्यास पुष्कळ कारागीर धजत नव्हते. वेगानें धांवणाऱ्या एंजिनांत कॅमशाफ्ट माथ्यावर नेणें फायद्याचें असतें, कारण मग लांब दांड्या आणि त्यांचें वजन हलवावें लागत नाहीं. परंतु माथ्यापर्यंत गति न्यावी कशी? बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कारखान्यानें उभा दांडा आणि तिरप्या दांत्यांचीं चक्रें वापरलीं. त्या एंजिनावर अ‍ॅलेक बेनेट यानें १९२६ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील ज्युनियर टी. टी. शर्यत जिंकली. दांड्यास सैलपणा येत नाहीं; पण चक्रें काटेकोरपणें घासून बसवावीं लागतात, आणि तें काम महाग पडतें. वुल्व्हरहँप्टनच्या ए. जे. एस. कारखान्यानें १९२७ सालीं दुसरी वाट धरली. त्यानें माथ्यावरील कॅमशाफ्ट साखळीनेंच फिरविला, आणि साखळी सैल पडूं नये म्हणून तिच्या पाठीवर वेलर या नांवाचा, धनुष्यासारखी पोलादी पट्टी असलेला टेन्शनर टेंकविला. १९३० सालीं जिमी गथ्री यानें ए. जे. एस. गाडीवर लाइटवेट टी. टी. जिंकली, तेव्हां योग्य ताण राखल्यास साखळीहि शर्यतीच्या कसोटीस उतरते, हें सिद्ध झालें.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा वाद जपानांत निकालांत निघाला. १९४८ सालीं स्थापन झालेल्या होंडा कंपनीनें १९५७ सालीं काढलेल्या आपल्या २५० सी. सी. च्या ड्रीम गाडींत माथ्यावरील कॅमशाफ्ट साखळीनें फिरविला. पुढें १९६९ सालीं तिची चार नळकांड्यांची सी. बी. ७५० ही गाडी बाजारांत आली. तिची साखळी मधल्या दोन नळकांड्यांच्या मधून वर जाते. तिचा ताण ठेवण्याची रीत अर्धी यांत्रिक आणि अर्धी हातची होती. ठराविक मुदतीनें बाहेरचा नट सैल करावयाचा, आंतील स्प्रिंग साखळीची सैल बाजू आपोआप दाबून धरी, आणि मग नट पुन्हां आंवळावयाचा. स्प्रिंग ताण ठरवी, पण तो कायम राखण्याचें काम माणसाच्या हातीं होतें.

भारतांत ही साखळी घरोघर उशिरां आली. मद्रासेस १९५५ पासून बांधल्या जाणाऱ्या बुलेटच्या झडपा दांड्यांनीं उघडत. जावा आणि राजदूत या टूस्ट्रोक गाड्यांना तर असल्या झडपाच नव्हत्या. १९८५ सालीं हीरो होंडाची ९७.२ सी. सी. ची सी. डी. १०० बाजारांत आली, आणि टायमिंग चेन कारकुनाच्या आणि शिक्षकाच्याहि दारांत येऊन उभी राहिली. २००१ सालीं पुण्याच्या बजाज ऑटोनें पल्सर काढली, तिच्याहि माथ्यावरचा कॅमशाफ्ट साखळीनेंच फिरतो. महाराष्ट्रांतील किती तरी कुटुंबांची रोजची ये-जा त्यानंतर या न दिसणाऱ्या साखळीवर अवलंबून राहिली.

साखळी ‘लांबते’ असें लोक म्हणतात; पण पोलाद कांहीं रबरासारखें ताणलें जात नाहीं. कडीकडींतील खिळी आणि नळी यांची झीज होते, आणि ती सर्व एकत्र येऊन लांबीच्या रूपानें दिसते. शंभर कड्यांच्या साखळींत प्रत्येक सांध्याची झीज एक शतांश मिलिमीटर जरी धरली, तरी साखळी एक मिलिमीटर लांब होते. मग सैल बाजू फडफडूं लागते, मार्गदर्शक पट्टीवर आपटते, झडपांची वेळ मागें पडते. पुढें एखादे दिवशीं साखळी दंतचक्रावरचा एक दांता ओलांडते. वरच्या चक्रास ३६ दांते असल्यास एका दांत्याची चूक म्हणजे कॅमशाफ्टवर १० अंशांची आणि क्रँकशाफ्टवर २० अंशांची चूक होय. आणखी एक-दोन दांते सुटले, तर दट्ट्या उघड्या झडपेवर जाऊन आदळतो, आणि चांगलें एंजिन क्षणांत निकामी होतें. पहांटेच्या त्या बारीक खडखडीचा अर्थ शेवटीं येथवर जाऊं शकतो.

हें संकट टाळण्यासाठीं कारखान्यांनीं आपोआप चालणारे टेन्शनर काढले. कांहींत एका बाजूनेंच सरकणारा करवती दांत्यांचा दांडा असतो. कांहींत घड्याळाच्या कमानीसारखी स्प्रिंग एक स्क्रू फिरवीत राहते. कांहींत एंजिनाच्या तेलाचा दाब कामीं लावलेला असतो. मालकानें कांहीं पाहावयास नको, ही यांची मोठी सोय. पण करवती दांड्यास पुढचा दांता मिळेपर्यंत साखळीस कांहीं सैलपणा सोसावाच लागतो, आणि स्प्रिंग थकली किंवा दांते झिजले, तर साखळीच्या झटक्यानें दांडा मागें सरतो. म्हणून शर्यतींचीं एंजिनें जोडणारे आणि घरीं स्वतःच्या हातानें गाडी सांभाळणारे हौशी लोक पुन्हां जुन्या साधनाकडे वळले. त्यांचा हातचा टेन्शनर म्हणजे धातूचा एक तुकडा, त्याच्या आरपार गेलेला लांब बोल्ट आणि तो जागीं धरणारा नट. त्यांत स्प्रिंग नाहीं, दांते नाहींत. तो मागें सरत नाहीं. पण तो स्वतः होऊन पुढेंहि सरत नाहीं, हें विसरतां कामा नये.

तो घरीं बसविणें अवघड नाहीं. परंतु क्रम मोडला तर नुकसान ठरलेलें. एंजिन पूर्ण थंड असावें. क्रँकशाफ्टच्या टोंकाचें झांकण काढून, पान्यानें तो चालण्याच्या दिशेनेंच फिरवीत पहिल्या नळकांड्याचा दट्ट्या दाबाच्या खेपेच्या शेवटीं आणावा, आणि चक्रावरील खूण माहितीपुस्तकांत सांगितलेल्या जागीं जुळवावी. या स्थितींत त्या नळकांड्याच्या झडपा मिटलेल्या असतात. मग जुन्या टेन्शनरचा मधला बोल्ट आणि स्प्रिंग आधीं काढावी, व नंतर त्यास धरणारे दोन बोल्ट आलटून-पालटून सैल करावे. टेन्शनर बाहेर असेपर्यंत क्रँकशाफ्टला हातहि लावूं नये. साखळी दांता ओलांडते ती बहुधा याच वेळीं. जुनें पॅकिंग खरवडून काढतांना त्याचा कण आंत पडूं देऊं नये. नव्या टेन्शनरचा बोल्ट मागें घेऊन, नवें पॅकिंग घालून, तो जागीं बसवावा आणि दोन्ही बोल्ट सारखे आंवळावे. तेथील आटे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. जास्त जोर केल्यास ते मरतात.

यापुढें पाना बाजूस ठेवून बोटांचें काम सुरू होतें. मधला बोल्ट केवळ बोटांनीं, आंतील पट्टीस लागेपर्यंत फिरवावा. मग क्रँकशाफ्टचे दोन पूर्ण फेरे हळूहळू हातानें घ्यावे, खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं हें पाहावें, आणि वाटेंत कोठें अडकल्यासारखें वाटलें तर तेथेंच थांबावें. बोल्ट धरून ठेवून बाहेरचा नट आंवळावा आणि झांकण बसवावें. एंजिन उघड्या जागींच सुरू करावें. बंद खोलींतील धूर प्राणघातक असतो. तें मंद चालत असतांना नट सैल करून बोल्ट अगदीं थोडा मागें घ्यावा, खडखड ऐकूं आली कीं तो पुढें न्यावा, आणि ती ज्या जागीं थांबते तेथें नट पक्का करावा. अधिक घट्ट केलें तर आवाज थांबतो खरा, पण त्या जागीं रडवा, बारीक सूर उमटतो. तो मार्गदर्शक पट्टी झिजत असल्याची खूण होय.

थंड एंजिनांत साखळी गच्च आंवळूं नये याचें कारणहि शाळेंतील पदार्थविज्ञानांतच आहे. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेनें पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतें. वीस सेंटिमीटर उंचीचें एंजिन ८० अंशांनीं तापलें, तर अ‍ॅल्युमिनियमची वाढ पोलादापेक्षां सुमारें ०.१८ मिलिमीटरनें जास्त भरते. म्हणजे दोन्ही चक्रें एकमेकांपासून दूर जातात आणि साखळी आपोआप ताठ होते. तंबोरा जुळविणारा गवई खुंटी पिळतांना तारेला विचारीत विचारीत पिळतो. तार सैल राहिली तर सूर नाहीं, फार ताणली तर तार नाहीं. हा बोल्ट फिरविणाऱ्यानेंहि तेंच करावयाचें असतें.

वेलरच्या पोलादी पट्टीपासून आपोआप सरकणाऱ्या दांड्यापर्यंत, आणि तेथून पुन्हां हातानें फिरवावयाच्या बोल्टापर्यंत असा हा प्रवास झाला आहे. त्यांतून एक साधन चांगलें आणि दुसरें वाईट असा निवाडा निघत नाहीं. ज्या घरांत गाडी केवळ ने-आणीचें साधन आहे, तेथें कारखान्याचा आपोआप चालणारा टेन्शनरच बरा, मात्र खडखड वाढल्यास तो वेळेवर बदलावा. ज्या घरांत कोणीतरी दर थोड्या महिन्यांनीं पाना घेऊन गाडीजवळ बसणार आहे आणि कान देऊन ऐकणार आहे, तेथें हातचा टेन्शनर शोभतो. आपोआप चालणाऱ्या यंत्राकडे माणसानें दुर्लक्ष केलें तरी तें कांहीं दिवस निभावून नेतें. हाताचा बोल्ट मात्र बसविणाऱ्याची आठवण ठेवून तसाच उभा राहतो, आणि त्यानें आपलीहि आठवण ठेवावी एवढीच अपेक्षा करतो.