दक्षिणेतून मिलानला : 'रोक्को आणि त्याचे भाऊ'

इतिहासाच्या व्याख्यानात चित्रपटाचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. तथापि 1950 नंतरच्या इटलीत जे प्रचंड स्थलांतर झाले, त्याचे आकडे वाचून जे कळत नाही ते लुकिनो व्हिस्कोंती याच्या 1960 सालच्या एका बोलपटातून कळते. तेव्हा त्याच वाटेने जाऊ.

इटलीचा दक्षिण भाग दरिद्री, डोंगराळ; उत्तर भाग कारखान्यांचा. युद्धोत्तर भरभराटीच्या काळात दक्षिणेतील लाखो शेतकरी मिलान, तुरिन या शहरांकडे लोटले. गंमत अशी की, कायद्याने त्यांना तेथे थाराच नव्हता. मुसोलिनीच्या राजवटीत, 1939 साली, खेड्यांतून शहरांत येणाऱ्यांना अटकाव करणारा कायदा झाला होता. राजवट गेली, पण कायदा राहिला. शहरात नोकरी नसेल तर रहिवासाची नोंद नाही आणि नोंद नसेल तर रीतसर नोकरी नाही! या कात्रीत सापडलेल्या माणसांनी पळवाटा शोधल्या नसत्या तरच नवल.

बोलपटात अशीच एक पळवाट आहे. लुकानिया प्रांतातील विधवा रोझारिया पारोंदी आपल्या चार मुलांना घेऊन हिवाळ्यात मिलानच्या स्टेशनावर उतरते. थोरला व्हिन्चेंझो आधीच तेथे आहे आणि त्या दिवशी त्याच्या वाङ्निश्चयाचा समारंभ चालू आहे. काळ्या पोशाखातली ही मंडळी तेथे पोहोचतात, दोन्ही घरांचे भांडण जुंपते आणि पारोंदी रस्त्यावर येतात. तेव्हा एक जाणकार सल्ला देतो : भाड्याने जागा घ्या, काही दिवसांनी भाडे थकवा, घरमालक बाहेर काढील आणि मग बेघर म्हणून नगरपालिका तुम्हाला घर देईल. पुढे एका पहाटे बर्फ पडतो. आई मुलांना हलवून उठवते, कारण बर्फ पडला की तो उपसण्याचे काम मिळते. शहरवासीयांना जी अडचण, ती यांना मजुरी!

व्हिस्कोंती स्वतः मिलानच्या सरदार घराण्यातला, विचाराने मात्र डावा. 1948 साली त्याने सिसिलीतील आची त्रेझ्झा या गावी खऱ्या कोळ्यांना घेऊन 'ला तेर्रा त्रेमा' हा बोलपट केला होता. 'रोक्को'मध्ये मात्र त्याने निष्णात नट घेतले, तेही देशोदेशींचे. आई ग्रीक, रोक्को आणि नादिया फ्रेंच. त्यांच्या तोंडी इटालियन आवाज मागाहून घातलेले. यात काहीतरी हरवले आहे. लुकानियातून आलेला शेतकरी सर्वप्रथम त्याच्या बोलीवरून ओळखला जाई आणि हिणवला जाई. आलाँ देलाँचा देखणा चेहरा पाहताना त्या हिणकसपणाची धग फारशी जाणवत नाही.

कथेचे पाच भाग, पाच भावांच्या नावांचे. पण भाग सारखे वजनाचे नाहीत. व्हिन्चेंझोचा लग्न करून बाजूला होतो, लुका तर पोरच आहे. सारा भार सिमोने आणि रोक्को या दोघांवर पडतो. माझ्या मते बोलपटाचे खरे बळ सिमोनेत आहे. रेनातो साल्वातोरीने हा मुष्टियोद्धा असा उभा केला आहे की, त्याची चीडही येते आणि कीवही. अंगात रग, मनाला लगाम नाही. शहराने आधी टाळ्या दिल्या, मग कर्ज दिले, मग विसरून टाकले. त्याचा अधःपात पायरीपायरीने होतो आणि एकही पायरी खोटी वाटत नाही.

रोक्कोविषयी असे म्हणवत नाही. भावाने त्याच्या डोळ्यांदेखत नादियावर बलात्कार केला, तरी हा तिला कॅथेड्रलच्या गच्चीवर नेऊन सांगतो की, तू सिमोनेकडे परत जा, त्याला तुझी गरज आहे. याला साधुत्व म्हणायचे की क्रौर्य? दिग्दर्शकाला हा प्रश्न पडला होता हे निश्चित. पण कॅमेरा मात्र रोक्कोच्या अश्रूंवर रेंगाळतो. नादियाचे काय, हे कुणी विचारीत नाही. आनी जिरार्दोच्या चेहऱ्यावर मात्र ते उमटते, आणि तेवढ्यावर आपण भागवून घेतो. शेवटी रोक्को मेजवानीत एक गोष्ट सांगतो : त्यांच्याकडे घर बांधताना गवंडी पहिल्या वाटसरूच्या सावलीवर दगड टाकतो, कारण घर टिकायला बळी लागतो. अशा समजुती आपल्याकडील किल्ल्यांच्या दंतकथांतही आहेत. पण बळी कोणाचा? भावांपैकी कोणाचा नव्हे, नादियाचा.

रोक्को मुष्टियुद्ध जिंकतो त्याच वेळी सिमोने तिचा खून करतो, आणि हे दोन्ही प्रसंग आलटून पालटून दाखविले आहेत. परिणाम जबरदस्त, पण नाटकी! संगीतिकेचे दिग्दर्शन करणारा व्हिस्कोंती येथे हात आवरीत नाही.

या खुनाने पडद्याबाहेरही वादळ उठवले. मिलानच्या जिल्हा अधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतील तळ्याकाठी चित्रण करू दिले नाही. ते रोमच्या दक्षिणेस लातिनाजवळ करावे लागले. व्हेनिसच्या महोत्सवात 1960 साली परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले, तरी मिलानमध्ये सरकारी वकिलाने कात्री मागितली आणि काही भाग काळवंडून दाखवावा लागला.

खुनी भावाला आई आणि रोक्को लपवू पाहतात; पोलिसांकडे जातो तो चिरो, आल्फा रोमिओच्या कारखान्यातला कामगार. कारखान्याच्या फाटकाशी तो धाकट्या लुकाला सारे समजावून सांगतो. हे भाषण मला थोडे शिकवणीवजा वाटते. पण लुकाचे उत्तर छान आहे : रोक्को गावी परतला तर मीही त्याच्याबरोबर जाईन. भोंगा वाजतो, चिरो आत जातो. पोरगा एकटाच रस्त्याने चालू लागतो आणि जाताजाता रोक्कोच्या छापील चित्रावरून हात फिरवतो.

1939 चा तो कायदा 1961 च्या फेब्रुवारीत रद्द झाला. बोलपट येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते.